डोंगरावरचं नाक

काकांनी तीस वर्षं वाइन थुंकली आणि एकदाच गिळली. तीही माझ्या शब्दावर. हे वाक्य गेल्या वर्षभरात मी मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलंय की आता त्याचा धक्का ओसरायला हवा होता. तो ओसरत नाही. भांडी घासताना, फ्रीवेवर लेन बदलताना मध्येच आठवतं.

काका माझ्या नात्यातले कोणी नव्हेत. इथे अमेरिकेत, फ्रीमाँटपासून तासाभरावर, सांताक्रूझच्या डोंगरात एक जुनी वायनरी आहे. तिथे वाइन करणाऱ्यांचे ते मुख्य, आणि मी त्यांच्या हाताखाली लॅबमध्ये. शिवाय फ्रीमाँटमधल्या त्यांच्या टाउनहाउसची वरची खोली मला भाड्याने दिलेली. म्हणजे सकाळी साडेसहाला गाडीत बसल्यापासून संध्याकाळी दिवे लागेपर्यंत हाच माणूस डोळ्यांसमोर. मूळचे तासगावकडचे. वडिलांची द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड होती. बेदाण्यांना गंधकाची धुरी देतात तशीच इथे रिकाम्या पिंपांना देतात, म्हणून पहिल्या दिवशी इथल्या तळघरात शिरल्यावर आपल्याला रडू आलं होतं, असं त्यांनी मला एकदा सांगितलं. पुढच्याच वाक्यात पिपेट नीट धुतली नाही म्हणून झापलं.

वायनरीची मालकीण सत्तरीची अमेरिकन बाई. ती काकांना ‘डोंगरावरचं नाक’ म्हणायची. पाहुणे आले की मोठ्या कौतुकाने सांगायची, या माणसाने हुंगून ‘हो’ म्हटल्याशिवाय इथून एक बाटली बाहेर पडत नाही, आणि या माणसाने आजवर एक थेंब घशाखाली उतरवलेला नाही. पाहुण्यांचा विश्वास बसायचा नाही. मग काका टेबलाखालून आजोबांचं पान थुंकायचं पितळी तस्त काढायचे, एक घोट तोंडात खळबळवायचे आणि दीड हातावरून त्या तस्तात अशी नेमकी पिचकारी मारायचे की पाहुणे टाळ्या वाजवायचे. मला त्याची फार लाज वाटायची.

न पिण्यामागे त्यांच्या आईची अट होती. नोकरी कसली आहे हे कळल्यावर ती माउली फोनवर म्हणाली होती, “हाताला लागू दे, नाकाला लागू दे, जिभेलाही लागू दे. घशाखाली नको.” आई जाऊन वीस वर्षं झाली, पण अट चालूच होती. त्यांच्या वहीत चाखलेल्या प्रत्येक वाइनची नोंद असायची. वर्ष, पीप किंवा बाटलीचा नंबर, मग वास, मग चव, आणि शेवटी एकच शब्द, ‘थुंकली’. अशा एकोणतीस वह्या. पान उलटावं तिकडे थुंकली, थुंकली, थुंकली. मी एकदा विचारलं, “हे दर वेळी लिहायची काय गरज आहे?” तर म्हणाले, “तेवढंच एक शंभर टक्के खरं असतं. बाकी सगळं मत.”

त्या डोंगराबद्दल बोलायला लागले की हा रुक्ष माणूस बदलायचा. आमची वायनरी धुक्याच्या वर आहे. सकाळी खाली सगळी व्हॅली दुधात बुडालेली असते आणि वर लख्ख ऊन. पलीकडे समुद्र, अलीकडे रेडवूडचं रान, मधल्या उतारावर हातभर मातीत उभ्या असलेल्या वेली. द्राक्षं करवंदाएवढी, जाड सालीची. “आमच्या तासगावात घड तोडताना हात दुखतात, इथं शोधताना डोळे दुखतात,” असं ते म्हणत. इथली लाल वाइन पहिली काही वर्षं तोंडात धरवत नाही इतकी तुरट असते. ती निवायला पंधरा-वीस वर्षं जातात. काकांचं म्हणणं, “ही बारशाला कडू, मुंजीला तुरट, लग्नाला तयार.” घाई करणाऱ्या गिऱ्हाइकांना ते बाटली विकायलाच नको म्हणायचे. मालकीणबाई कपाळावर हात मारून घ्यायची.

मला त्यांनी निवडलं तीही एक तऱ्हाच. मुलाखतीला गेले तर समोर तीन ग्लास. मी शिकल्याप्रमाणे इंग्रजीत सुरू केलं, “ब्लॅकबेरी, सीडर, टोबॅको...” त्यांनी हात वर केला आणि चक्क मराठीत विचारलं, “ब्लॅकबेरी खाल्लीयेस लहानपणी?”

“नाही.”

“मग तिचं नाव कशाला घेतेस? तुझं गाव कुठलं?”

“नागपूर.”

“तर नागपुरात सांग.”

मी पहिला ग्लास पुन्हा हुंगला. म्हटलं, “नवीन कंपासपेटीत पेन्सिल तासली की येतो तसा.” दुसऱ्याला म्हटलं, “जांभूळ. पण पिकलेलं नाही, त्याच्या बीचा वास.” तिसऱ्याशी अडले. मग एकदम आठवलं. “एप्रिलमध्ये कूलरच्या वाळ्याच्या ताट्या पहिल्यांदा ओल्या करतात ना काका, तसा.” ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, “सोमवारपासून ये.” मला वाटलं, किती वेगळा गुरू मिळाला.

गुरूचे नियम कडक होते. परफ्यूम नाही, डोक्याला तेल नाही, घरात उदबत्ती नाही. सकाळी फोडणी द्यायची नाही, नुसता मऊ भात आणि मेतकूट. संध्याकाळी मात्र स्वतः भाकरीबरोबर कच्च्या मिरच्या काकडीसारख्या कराकरा खायचे. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी आणखी एक घ्यायचे. मी म्हटलं, सांगलीकडचे आहेत, असेल तिखटाची सवय. गाडीच्या काचा थंडीतही उघड्या. चढणीच्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला प्रश्न, “काय आलं?” मी सांगायची, निलगिरी. ट्रकचे तापलेले ब्रेक. ओलं रेडवूड. कुणीतरी बार्बेक्यू पेटवलाय. ते मान हलवायचे. रोज परीक्षा, आणि निकाल कधीच नाही. कंटाळून एकदा मी म्हटलं, “काका, यार, कधीतरी तुम्ही पण सांगा ना.” ते म्हणाले, “गाडी चालवतोय.”

लॅबमध्येही तेच. आधी मी हुंगायचं आणि मराठीत सांगायचं. काका खुर्चीत डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून ऐकत बसायचे. मध्येच बोट वर. “थांब. आवाज वर गेला. हे तू वाचलंयस, हुंगलेलं नाहीस. परत.” आणि चीड आणणारी गोष्ट अशी की ते बरोबर असायचं. मी एखाद्या मासिकातलं काही घुसडलेलं असायचं, नाहीतर आळसाने कालचंच आज सांगितलेलं असायचं. मग ते स्वतः एक घोट तोंडात घ्यायचे, जीभ फिरवायचे, तुरटपणा, आंबटपणा सांगायचे आणि थुंकायचे. दुपारी मालकीणबाईंसमोर ते जे इंग्रजीत बोलायचे ते सगळं माझंच असायचं. माझ्या कंपासपेटीतली पेन्सिल तिथे सीडरचं लाकूड व्हायची. मला अभिमान वाटायचा. एवढा मोठा माणूस आपल्या शब्दाला मान देतोय असं मी आईला फोनवर सांगितलंसुद्धा.

काकूंना मी पाहिलं नाही. मी येण्याआधी जवळजवळ दोन वर्षं, कोव्हिडच्या पहिल्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्या मात्र प्यायच्या, दर शनिवारी थालीपिठाबरोबर अर्धा ग्लास. “घशाखाली गेल्याशिवाय काय कळतं? तुमची निम्मी वाइन त्या तस्तात जाते,” असं नवऱ्याला ऐकवायच्या. त्या ज्या वर्षी अमेरिकेत आल्या त्या वर्षीच्या द्राक्षांच्या बारा बाटल्या काकांनी बाजूला काढून ठेवल्या होत्या. लग्नाच्या वाढदिवसाला कधीमधी एक उघडायची. त्या प्यायच्या, हे थुंकायचे. त्यावरून त्यांनी शब्द घेतला होता की बारावी बाटली काकांनी गिळायची. काकूंच्या पश्चात तीच एक बाटली शिल्लक राहिली होती.

गेल्या वर्षी मे महिन्यात, लग्नाच्या वाढदिवसाला, त्यांनी ती काढली. भर दुपारी, घरातल्या जेवणाच्या टेबलावर. सकाळी अंघोळ करून आईच्या फोटोपुढे उभे राहून काहीतरी पुटपुटले होते. मी विचारलं तर म्हणाले, “परवानगी नाही मागितली. कळवलं.” बूच जुनं, ठिसूळ. दोन पात्यांच्या चिमट्याने त्यांनी ते इतक्या हळूच काढलं की मी श्वास रोखून धरला. दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली. रंग विटकरीसारखा झालेला. सवयीने वायनरीतून बरोबर आणलेलं पितळी तस्त त्यांनी उचललं आणि सिंकखाली ठेवून दिलं. मग एक ग्लास माझ्याकडे सरकवला.

“तू आधी. काय येतं?”

मी नाक जवळ नेलं आणि चरकले. पावसात भिजून कोपऱ्यात कुजत पडलेलं पोतं. पुठ्ठा. बुरशी. बुचाला बुरशीचा दोष असला की बाटलीतली वाइन अशी कुजट होते. आमच्या धंद्यात याला ‘कॉर्क्ड’ म्हणतात, आणि हा वास ओळखायला पहिल्या महिन्यात शिकवतात. शंका घ्यायला जागाच नव्हती. एवढी वर्षं जपलेली बाटली गेली होती, आणि कधी गेली हे कुणाला कळणंही शक्य नव्हतं.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी आपला ग्लास नाकाशी धरला होता, डोळे मिटले होते, चेहऱ्यावर काही नाही. मी मनात हिशेब मांडला की या डोंगरावरच्या नाकाला हे माझ्याआधी कळलेलं असणार. कळूनही विचारतात, याचा अर्थ त्यांना ते ऐकायचं नाही. आज कुणीतरी त्यांच्यासाठी थोडं खोटं बोलायला हवंय. एकदा असं ठरवल्यावर मला ते सोपं वाटलं, उलट आपण फार समजूतदार आहोत असंही वाटलं.

“गोडा मसाला,” मी म्हटलं. “ताजा भाजलेला. जुनं चामडं. आणि मसाल्यात ना काका, दगडफूल थोडं जास्त झालंय.”

दगडफूल का म्हटलं? कारण त्या कुजट वासाच्या जवळ जाणारं, तरी खाण्यातलं, तेवढं एकच आठवलं. गोडा मसालाही माझ्या पुण्याच्या मावशीकडचा.

काकांनी ग्लास एकदा हातात फिरवला. मग म्हणाले, “दगडफूल ती जास्तच घालायची.” आणि ग्लास तोंडाला लावला. त्यांचा कंठमणी वर जाऊन खाली आला. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी बघत राहिले. त्यांनी तो ग्लास संपवला, पुन्हा ओतला, तोही संपवला. कुजकी वाइन माणूस हसऱ्या चेहऱ्याने पितोय, बायकोला दिलेल्या शब्दासाठी. याला प्रेम म्हणतात, असं मी पुढचे तीन महिने धरून चालले होते.

ऑगस्टमधली गोष्ट. मी ग्रोसरी घेऊन संध्याकाळी घरी आले. दार उघडलं आणि गॅसचा इतका भपकारा आला की मळमळलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून देव्हारा आहे. काका त्यापुढे शांतपणे उभे. निरांजनात वात घातलेली, हातात काडेपेटी, काडी पेटीवर टेकवलेली. मागे शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं होतं. दूध उतू जाऊन ज्योत विझलेली, गॅस सुरूच.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. त्यांचा हात पिरगाळून काडेपेटी घेतली एवढं आठवतं. बटण बंद केलं, दारं-खिडक्या उघडल्या, त्यांना ओढत बाहेर नेलं आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो. पिशवीतली कोथिंबीर अजून माझ्या हातात होती.

“काका, वास आला नाही तुम्हाला?”

“नाही.”

“अहो, मला दारातूनच आला. एवढा भरलाय घरात.”

“मला कसलाच येत नाही.”

“सर्दी झालीय का?”

“डिसेंबरात चार वर्षं होतील.”

मला आधी कळलंच नाही. मग ते समोरच्या पार्क केलेल्या गाड्यांकडे बघत सावकाश बोलू लागले. दोघांनाही एकाच आठवड्यात कोव्हिड झाला. काकूंना ॲम्ब्युलन्समध्ये नेताना त्यांचा स्वेटर यांच्या हातात राहिला. त्या परत येणार नाहीत हे कळल्यावर यांनी तो नाकाला लावला, तर काहीच नाही. वाटलं, धुतलेला असेल. मग लसूण ठेचून पाहिला, मग गंधक जाळून पाहिलं. घसा चुरचुरला, पण वास नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत. तो आला नाही.

“मग वायनरीत?”

“जीभ आहे की. तुरट, आंबट, कडू कळतं. लॅबचे आकडे असतात. पहिली दोन वर्षं मालकीणबाईंनाच बोलतं करायचो, त्यांना बोलायला आवडतं. मग तू आलीस.” माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझी ती वाळ्याची ताटी ऐकली आणि मला दोन वर्षांनी पहिल्यांदा काहीतरी आल्यासारखं वाटलं.”

मी सुन्न झाले. गाडीतल्या त्या परीक्षा, उघड्या काचा, कच्च्या मिरच्या, मिटलेले डोळे, सगळं एकेक करून माझ्यापुढे उलटं होत गेलं. मला कुणी शिकवत नव्हतं. दोन वर्षं मी एका माणसाचं नाक होते आणि मला पत्ताच नव्हता. राग आला, कीवही आली. आणि मग ती बारावी बाटली आठवली, तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांना कळलेलंच नव्हतं. समजूतदारपणा वगैरे सगळा माझ्या डोक्यातला. आंधळ्याने हात धरून रस्ता विचारावा आणि आपण खड्डा दाखवावा, तसं मी केलं होतं. त्यांनी तीस वर्षं सांभाळलेली अट माझ्या शब्दावर मोडली, ती कुजक्या वाइनसाठी. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आता सांगून काय होणार होतं? बाटली रिकामी होती, काकू नव्हत्या. निदान त्यांच्या पोटात गोडा मसाला तरी राहू दे, असं मी ठरवलं. तीन आठवडे झोप नीट लागली नाही.

गॅसच्या त्या प्रसंगानंतरच्या सोमवारी काकांनी मालकीणबाईंच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. मला बरोबर नेलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने इंग्रजीत एवढंच विचारलं, “मग माझी वाइन आजवर हुंगत कोण होतं?” काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि मी जमिनीकडे. आठवडाभराने तिने काकांची जागा मला देऊ केली. काका म्हणाले, घे.

कामावरच्या शेवटच्या दिवशी त्यांनी वह्या माझ्या स्वाधीन केल्या. एकोणतीस वह्या, रबर लावलेल्या. मी उगाच शेवटची उघडली. मे महिन्यातलं पान निघालं. वर्ष लिहिलेलं, ‘बाटली बारावी’ लिहिलेलं. पुढे वासाच्या जागी काही नाही. शेवटी ‘थुंकली’ही नाही. कोरं. इतक्या वर्षांत कोरी राहिलेली ती एकच नोंद होती.

“काका, हे राहिलंय.”

“राहिलं नाही, ठेवलंय.” काका तस्त फडक्याने पुसत होते. “तुझा आवाज वर गेला होता.”

मी बाजूच्या पिंपावर टेकले.

“म्हणजे तुम्हाला कळलं होतं?”

“काय होतं ते नाही कळलं. खोटं आहे एवढं कळलं.”

“अहो पण तुम्ही म्हणालात, काकू दगडफूल जास्त घालायच्या.”

“तिनं जन्मात गोडा मसाला केला नाही. आमच्या सांगलीकडं कांदा-लसूण मसाला असतो, बाई. एवढं तरी कळायला पाहिजे होतं तुला.”

दोन वर्षं त्यांच्या घरात तोच लाल मसाला माझ्या भाजीत पडत होता. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे नुसताच ठसका लागला.

“मग गिळलीत कशाला?”

त्यांचा फडक्याचा हात थांबला. “शेवटची होती. तिला शब्द दिला होता. आणि समोर एक पोरगी, मला वाईट वाटू नये म्हणून, घाम फुटेस्तोवर खोटं बोलतेय. अशा वेळी थुंकायचं कसं गं?”

त्यांनी तस्त बाजूला ठेवलं, खुर्चीत बसले, मान तिरकी केली आणि नेहमीसारखे डोळे मिटले.

“आता सांग. काय होतं?”

“पोतं, काका. ओलं. बुरशी आलेलं.”

“पुढे?”

“पुढे काही नाही. फळ नव्हतं, मसाला नव्हता. नुसती बुरशी.”

ते ऐकत राहिले. मग डोळे उघडून म्हणाले, “हं. आता बरोबर.” माझ्या हातातून वही घेतली, खिशातलं पेन काढलं आणि त्यांच्या त्या बारीक, सुटसुटीत अक्षरात कोरी जागा भरली. शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरली आणि मग माझ्याकडे दिली.

‘ओलं पोतं. बुरशी. गिळली.’